वेकबोर्डिंगच्या बोटीसाठी शिशाची वजनं घरी ओतावीत का?

तळ्याकाठी

मंडळी, विषय जरा आडवाटेचा आहे, पण इथे ओतकामापासून वैद्यकापर्यंत सगळ्यातले जाणकार सापडतात म्हणून विचारतोय.

आम्ही मिनेसोटात, मिनिॲपोलिसच्या पश्चिमेला राहतो. गेल्या वर्षी एक जुनी २१ फुटी व्ही-ड्राइव्ह (म्हणजे इंजिन मागे असलेली) बोट घेतली. मुलगा आणि त्याचं टोळकं वेकबोर्डिंग करतं. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी: बोट ताशी वीस-बावीस मैलांनी पळते, मागे दोर, दोराला धरून पायात फळी बांधलेलं पोर, आणि बोटीमागे उठलेल्या लाटेच्या धारेवरून उडी. लाट उंच हवी तर बोट पाण्यात दबून बसली पाहिजे. म्हणजे बोटीत वजन पाहिजे. कंपनीच्या टाक्यांत साधारण ७५० पौंड पाणी मावतं. पोरांना त्यावर आणखी ६०० पौंड हवंय.

पाण्याच्या मोठ्या पिशव्या मिळतात, पण ६०० पौंड पाणी म्हणजे २७२ लिटर. मागचे दोन्ही कप्पे त्यातच जातात, मग लाइफ जॅकेटं, टॉवेल, डबे कुठे ठेवायचे? शिसं पाण्याच्या ११.३४ पट जड. तेवढंच वजन २४ लिटरांत बसतं, म्हणजे दोन बादल्यांत काम झालं.

ओळखीच्या टायरवाल्याकडे चाकांची जुनी वजनं बादल्या भरभरून पडली आहेत, तो फुकट द्यायला तयार आहे. माझा बेत असा: टर्की तळायचा गॅसचा बर्नर आहे, त्यावर भांडं ठेवायचं, शिसं वितळवायचं आणि ब्रेडच्या साच्यांत ओतायचं. वरून रबरी रंग. कोणी केलंय का? साचा कशाचा घ्यावा? आणि मुळात करावं का?

चहाबाज

शीर्षक वाचून वाटलं राजकारणाचा धागा आहे. कोणाच्या होडीत कोण वजन टाकतंय ते बघायला आलो होतो. असो, बसतो कोपऱ्यात.

शंकासुर

चार धष्टपुष्ट मित्र बसवा की बोटीत. ६०० पौंड तिथल्या तिथे. हलके घ्या.

तळ्याकाठी

@शंकासुर, बसवतोच. पण मित्रांना खायला-प्यायला लागतं, मध्येच उठून पुढे जाऊन बसतात आणि लाट एका बाजूला कलते. शिसं जागेवर राहतं.

ओतारी_कोल्हापूर

भावा, नीट वाच आणि मग काय ते ठरव.

माझी उभी हयात शिरोलीच्या फौंड्र्यांत गेली. आमचं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, १४०० डिग्रीच्या आसपास ओततात, त्यामुळे तिथं प्रत्येक माणूस भिऊन काम करतो. शिसं ३२७ डिग्रीलाच पातळ होतं. घरच्या गॅसवर होतं. म्हणून लोक त्याला सोपं समजतात आणि तिथंच फसतात.

खरी भानगड पाण्याची. पाण्याचा थेंब वितळलेल्या शिशाच्या पोटात गेला की त्याची वाफ होते, आणि वाफ पाण्याच्या सोळाशे-सतराशे पट जागा मागते. ती वर येताना सगळं भांडं उधळून देते. वरून थेंब पडला तर निदान चरचरतो आणि उडून जातो. बुडाशी गेला तर खेळ खलास. म्हणून पहिला माल थंड भांड्यात भरायचा आणि सगळं एकदम तापवायचं, म्हणजे ओल आपोआप निघून जाते. नंतर जो माल घालशील तो भांड्याच्या काठावर ठेवून आधी तापवायचा. पळीसुद्धा तशीच. साचासुद्धा तसाच. तुमच्याकडं तर थंडीत गॅरेजमध्ये धातूवर दव गोठतं. तसली गोठलेली लादी हातानं उचलून वितळलेल्या शिशात सोडली तर काय होईल ते मी सांगायची गरज नाही.

दुसरं, टर्कीच्या बर्नरबरोबर जे मोठं भांडं येतं ते बहुतेक ॲल्युमिनियमचं असतं. ते वापरायचं नाही. ॲल्युमिनियम ६६० ला वितळतं हे खरं, पण त्याच्या कितीतरी आधी ते लेचंपेचं होतं आणि त्याच्या आत ५० किलो रस असतो. बीडाचं किंवा जाड पोलादाचं भांडं घे. आणि बर्नरचे पाय बघ. ते तेलाच्या वजनाचे आहेत. पाच लिटर शिसं म्हणजे ५६ किलो. पाय फाकला की संपलं.

तिसरं, काँक्रीटवर ओतू नको. काँक्रीटच्या पोटात ओल असते, सांडलं की खपल्या उडतात. कोरड्या वाळूचा थर पसर आणि त्यावर साचे मांड.

चहाबाज

ओतारीकाका, पुढच्या वेळी "भावा" नंतर जरा थांबत जा, छातीत धस्स झालं.

ऑस्टिनकर

मी स्वतः लेक ट्रॅव्हिसवर वेकबोर्डिंग करतो, त्यामुळे बोटीच्या बाजूने लिहितो. ओतकामाचं काकांनी सांगितलं.

१. वजन किती यापेक्षा कुठे हे महत्त्वाचं. तुमची व्ही-ड्राइव्ह आहे म्हणजे इंजिन आधीच मागे. सगळं ६०० पौंड मागे घातलंत तर लाट उभी आणि आखूड होईल, नाक वर जाईल, आणि बोट वर यायलाच वेळ घेईल. थोडं वजन पुढे नाकात घातलं की लाट लांब होते आणि चढण हळू मिळते. नवशिक्या पोरांना तीच बरी.

२. नुसतं घरंगळत ठेवू नका. २५ किलोचा ठोकळा वळणावर किंवा धडकेत तोफेचा गोळा आहे. कप्प्यात पट्ट्याने जखडा, खाली रबरी मॅट घाला. इंधनाचे पाइप, बॅटरीच्या वायरी, बिल्ज पंप (तळाशी साचलेलं पाणी उपसणारा) यांच्यावर काही टेकत नाही ना ते टॉर्च घेऊन बघा.

३. ट्रेलर. पाणी काढून टाकता येतं, शिसं तसंच राहतं. घाटावर बोट ट्रेलरवर चढवली की ते ६०० पौंड ॲक्सलवर आणि ट्रेलरच्या फळ्यांवर येतात. प्रत्येक वेळी काढणार असाल तर ठोकळा दहा-बारा किलोच्या वर नको, आणि त्याला धरायला कडी हवी. ब्रेडच्या साच्यातला ठोकळा चौदा-पंधरा किलोचा होईल, आणि ओल्या हातात तो साबणासारखा निसटतो.

४. प्रॉपेलर. एवढं वजन वाढवलं की इंजिन धापा टाकतं. कमी पिचचा, म्हणजे एका फेऱ्यात कमी अंतर कापणारा प्रॉपेलर लावावा लागेल.

वैद्यबाई

मी बालरोगाची डॉक्टर आहे, न्यू जर्सीत. धागा वाचून राहवलं नाही.

भाजण्याचं ओतारीकाकांनी सांगितलं, ते दिसतं तरी. शिशाचं विष दिसत नाही. लोकांना वाटतं धोका धुराचा. वितळण्याच्या तापमानाला शिशाची वाफ फार होत नाही, ते खरं. पण वर जी राखाडी मळी येते, ती तुम्ही काढून बाजूला टाकता, ती वाळते आणि तिची पूड होते. ती पूड कपड्यांवर, बुटांवर, गाडीच्या सीटवर आणि तिथून घरात येते. रांगतं मूल जमिनीला हात लावतं आणि तोंडात घालतं. मुलांचं आतडं मोठ्यांपेक्षा कितीतरी जास्त शिसं शोषून घेतं, आणि मेंदू घडत असतो त्याच वयात. सुरक्षित अशी पातळी नाहीच. अमेरिकेत रक्तातल्या शिशाचा जो संदर्भ आकडा धरतात तो २०२१ साली आणखी खाली आणून दर डेसिलिटरला ३.५ मायक्रोग्रॅम केला.

रक्तातलं शिसं महिन्या-दोन महिन्यांत उतरतं, पण उतरून जातं कुठे, तर बरंचसं हाडांत. तिथे ते वर्षानुवर्षं बसतं.

तळ्याकाठी, घरात पाच-सहा वर्षांखालचं मूल किंवा गरोदर बाई असेल तर माझं उत्तर सरळ नाही असं आहे. नसेल आणि करायचंच असेल तर: उघड्यावर, वाऱ्याला पाठ देऊन, वेगळे कपडे आणि बूट, ते कपडे घरच्या धुण्यात नाही, पूड अडेल असा योग्य मास्क, साबणाने हात-तोंड धुतल्याशिवाय पाणीसुद्धा प्यायचं नाही. आणि ते भांडं, ती पळी, ते ब्रेडचे साचे पुन्हा स्वयंपाकघरात कधीही नाहीत. कधीही.

तळ्याकाठी

@वैद्यबाई, मनापासून आभार. मुलगा सोळा वर्षांचा आहे, पण बहिणीची दोन वर्षांची मुलगी उन्हाळाभर आमच्याकडे असते. हा विचार डोक्यात आलाच नव्हता.

पागवाला

आम्ही अलिबागकडचे. आमच्या पागाला (हाताने फेकायच्या जाळ्याला) खालच्या कडेने शिशाच्या गोळ्या असतात, त्याशिवाय जाळं पाण्यात पसरून खाली बसत नाही. आज्या त्या घरीच ओतायचा. चुलीवर लोखंडी पळी, त्यात शिशाचे तुकडे, आणि दगडात कोरलेला दोन फाळ्यांचा साचा. फाळ्या एकमेकींवर दाबून धरायच्या, भोकातून ओतायचं, मोजून दहा म्हणायचं, उघडायचं. आम्ही पोरं बाजूला बसून गरम गोळ्या उचलायचो. आज्या नव्वदीत गेला. एवढं काही होत नाही.

वैद्यबाई

@पागवाला, साच्याचं वर्णन सुंदर आहे. पण आजोबा नव्वदीत गेले यावरून गोळ्या उचलणाऱ्या पोरांचं काय झालं ते कळत नाही. शिशाने कोणी झटकन मरत नाही. चार गुण कमी पडतात, चिडचिड होते, लक्ष लागत नाही, आणि "पोरगं मुळातच व्रात्य" म्हणून विषय संपतो.

पागवाला

ताई, मी व्रात्य होतो हे तुम्हाला कोणी सांगितलं?

खिळेजुळारी

वा, पळी आणि साचा वाचून जुने दिवस आठवले. सांगलीला वडिलांचा छापखाना होता. छपाईच्या अक्षरांचे खिळे म्हणजे शिसं, त्यात अँटिमनी आणि थोडं कथील. शुद्ध शिसं मऊ, छापता छापता चेपतं. अँटिमनीने ते कडक होतं आणि थंड होताना आक्रसणंही कमी होतं. झिजलेले खिळे पेटीत जमा व्हायचे आणि वजनावर परत फाउंड्रीला जायचे. चाकांच्या वजनांतही थोडा अँटिमनी असतो असं वाचलंय. कामगारांना रोज गुळाचा खडा आणि दूध मिळायचं, शिसं बाधू नये म्हणून.

वैद्यबाई

दुधातलं कॅल्शियम आणि आहारातलं लोह पुरेसं असेल तर शिसं शोषलं जाणं थोडं कमी होतं, एवढं खरं. पण ते चिलखत नाही. हात न धुता तोच गूळ खाल्ला तर उलटंच.

शंकासुर

आमच्या वाड्यात कल्हईवाला यायचा, तोही असाच धातू वितळवायचा आणि आम्ही भोवती कोंडाळं करायचो. म्हणजे आम्ही सगळे गेलो का कामातून? (बायको म्हणते हो.)

ओतारी_कोल्हापूर

कल्हईचं कथील वेगळं, ते २३२ डिग्रीलाच पाघळतं, आणि वरून नवसागर. शिशाचा संबंध नाही. पण काही महाभाग कथील महाग म्हणून त्यात शिसं मिसळायचे, हेही तितकंच खरं.

रेडमंडवासी

टायरवाल्याच्या बादल्यांबद्दल. आमच्या वॉशिंग्टन राज्यात शिशाच्या चाकवजनांवर २०११ पासून बंदी आहे, कॅलिफोर्नियात २०१० पासून. युरोपात त्याच्याही आधी. त्यामुळे हल्लीच्या बादलीत शिसं किती निघेल याचा भरवसा नाही. बराचसा माल पोलादाचा आणि जस्ताचा असतो.

ओळखायचं कसं: वजनावर "एफई" (लोखंड) किंवा "झेडएन" (जस्त) अशी अक्षरं असतील तर बाजूला टाका. अक्षरं नसतील तर कटिंग प्लायरने चिमटा घ्या. शिशात पातं लोण्यात शिरावं तसं शिरतं, जस्त दाद देत नाही. पोलाद तर चुंबकालाच चिकटतं. जस्त ४१९ डिग्रीला वितळतं, म्हणून भांडं ३७०-३८० च्या वर न्यायचं नाही, थर्मामीटर लावायचा. चुकून राहिलेलं जस्त मग वर तरंगतं आणि झाऱ्याने काढता येतं. एकदा का ते आत मिसळलं की रस दह्यासारखा होतो, नीट ओतला जात नाही.

आणि कोणी कितीही स्वस्त दिलं तरी गाडीच्या बॅटरीचं शिसं घरी वितळवू नका. आत आम्ल असतं, शिवाय त्या मळीला नंतर ओल लागली तर आर्सिनसारखा विषारी वायू सुटू शकतो.

ओतारी_कोल्हापूर

@रेडमंडवासी, बॅटरीच्या मुद्द्याला शंभर वेळा अनुमोदन. आणि ब्रेडच्या साच्याबद्दल राहिलं. नव्या साच्यावर कथलाचा मुलामा असेल तर शिसं त्याला झाळल्यासारखं चिकटतं, ठोकळा निघत नाही. साचा गंजवून घे नाहीतर मेणबत्तीची काजळी धर.

जळगावची_केळी

सगळे ओतण्याच्या मागे आहेत, म्हणून जरा काठावरच्या माणसाची बाजू मांडते.

आमचं व्हरमाँटमध्ये तळ्याकाठी छोटं घर आहे. शनिवार-रविवार वेकबोटी येतात. लाटांनी धक्क्याला बांधलेली होडी आपटते, काठाची माती सुटते, गाळ ढवळून पाणी गढूळ होतं. तळ्याकाठी म्हणतात तसं "बोट दबून बसली पाहिजे", पण ती बसल्यावर उरलेल्यांनी काय करायचं? तुमच्याच मिनेसोटा विद्यापीठाच्या सेंट अँथनी फॉल्स प्रयोगशाळेने २०२२ साली लाटा मोजून सांगितलं की वेकसर्फिंगची (दोर सोडून बोटीच्या लाटेवरच फळीने घसरायचं) बोट काठापासून ५०० फुटांच्या पुढे हवी, तेव्हा कुठे लाट साध्या बोटीएवढी उतरते. आमच्या राज्याने २०२४ पासून नियमच केला: ५०० फूट लांब आणि किमान २० फूट खोल पाणी.

आणि शिसं म्हणाल, तर मिनेसोटाचा राज्यपक्षी लून हा पाणपक्षी. गळाची शिशाची वजनं गिळून तो मरतो. तळ्याच्या बाबतीत शिसं हा शब्दच नको वाटतो.

ऑस्टिनकर

ताई, प्रयोगशाळेचा ५०० फुटांचा आकडा वेकसर्फिंगचा आहे, वेकबोर्डिंगचा नाही. सर्फिंगला बोट दहा-बारा मैलांनी चालते, नाक वर करून नांगरल्यासारखी, आणि तेव्हा सर्वांत मोठी लाट उठते. वीसच्या वर गेलं की बोट पाण्यावर चढते आणि लाट त्यामानाने लहान असते. लूनचं म्हणाल तर तो गिळतो गळाचं छोटं वजन. दहा किलोचा ठोकळा गिळणारा लून असेल तर मी ऑस्टिन सोडून तिकडे येतो.

उलट एक सांगतो. पाण्याच्या टाक्या पूर्ण रिकाम्या कधीच होत नाहीत, तळाशी थोडं राहतंच. त्यातून झेब्रा शिंपल्यांची (बाहेरून आलेली, तळंभर पसरणारी जात) पिल्लं एका तळ्यातून दुसऱ्यात जातात. आमच्या ट्रॅव्हिसमध्ये ते २०१७ साली सापडले.

तळ्याकाठी

आमच्या मिनेटोंका तळ्यात २०१० पासून आहेत. इथे बोट रस्त्यावर काढली की ड्रेन प्लग उघडा ठेवायचा कायदाच आहे. कोरडं वजन त्या बाबतीत स्वच्छ.

@जळगावची_केळी, तुमचं म्हणणं पटतं. आम्ही मोठ्या भागात, मधोमधच जातो. छोट्या खाडीत पोरांना नेत नाही.

जळगावची_केळी

तुम्ही नेत नसाल. ज्यांच्यासाठी नियम करावा लागतो ते धागे काढून विचारत नाहीत.

चहाबाज

केळीताईंच्या या वाक्याला माझ्याकडून एक वाफाळता चहा.

अर्किमिडीजभाऊ

एका गोष्टीचा उल्लेख अजून कोणी केला नाही याचं आश्चर्य वाटतं.

बोट तरंगत असताना ६०० पौंड पाणी काय, शिसं काय, बोटीला फरक पडत नाही; वजन तेवढंच. फरक पडतो बोटीत पाणी भरल्यावर. मागून लाट आत आली, बिल्ज पंप बंद पडला, बोट काठोकाठ भरली. आता टाकीतलं पाणी हे पाण्यात असलेलं पाणी. त्याचं वजन जवळजवळ शून्य. पण शिसं पाण्यात बुडलं तरी आपल्या आकारमानाच्या पाण्याएवढंच हलकं होतं, म्हणजे फक्त अकरावा हिस्सा. ६०० तले जवळजवळ ५५० पौंड तसेच बोटीला खाली ओढत राहतात.

अमेरिकेत तरंगत्या फोमची सक्ती २० फुटांखालच्या बोटींना आहे. तुमची २१ फुटी. तिच्यात फोम किती आहे ते कंपनीच्या पुस्तकात बघा, आणि नसेल तर दर पौंड शिशामागे बुडण्याचा हिशोब करा. वेकबोटी मागे वजन टाकून मुद्दाम खोल बसवलेल्या असतात, तेव्हा मागची कड पाण्यापासून किती वर उरते हेही.

ऑस्टिनकर

एकदम बरोबर. आमच्याकडे गर्दीच्या दिवशी चालकाने अचानक थांबवलं की स्वतःचीच लाट मागून आत येते. नाकात जास्त वजन असेल तर पुढूनही. पाहिलंय डोळ्यांनी.

तळ्याकाठी

हे वाचून परवा बोटीचं पुस्तक काढलं. फोम आहे, पण मी मनात धरला होता त्यापेक्षा बराच कमी. शिवाय आणखी एक पेच: बायको पहाटे स्लालम स्कीइंग (बोटीमागे एकाच पट्टीवर नागमोडी) करते. तिला लाट अजिबात नको, पाणी काचेसारखं हवं. पोरं दहा वाजता उठतात, त्यांना डोंगर हवा. टाक्या रिकाम्या करायला आठ-दहा मिनिटं लागतात. शिसं रोज सकाळी काढून दुपारी भरायचं म्हटलं तर माझीच कंबर मोडेल.

ओतायचा बेत भाचीमुळे तसाही डळमळला आहे. तयार शिशाचे छर्रे पिशव्यांत मिळतात, २५ पौंडांच्या. ते जाड कापडी पिशवीत आणि वरून ताडपत्रीच्या पिशवीत शिवून टाकले तर? ओतणं नाही, मळी नाही.

वैद्यबाई

ओतण्यापेक्षा खूपच बरं. छऱ्यांवरही पूड असते, हातमोजे घाला, पिशवी फाटू देऊ नका. भाची बोटीत असेल तेव्हा पिशव्या तिच्या हाताला लागतील अशा नकोत.

अर्किमिडीजभाऊ

छऱ्यांचा हिशोब करून बघा. गोल दाणे कितीही दाबले तरी जवळजवळ ३५-४० टक्के जागा पोकळच राहते. म्हणजे पिशवीतल्या शिशाची घनता ११ ची ७ वर आली. २४ लिटरचे ३९ लिटर झाले.

ओतारी_कोल्हापूर

सात?? अहो मग शिसं हवंय कशाला! बीडाची घनता ७.२ आहे. भरीव बीड आणि पिशवीतलं शिसं एकाच मापात बसलं की. विष नाही, मळी नाही, किंमत निम्म्याच्याही खाली. माझ्या धातूला एवढ्या वेळात कोणी विचारलंच नाही.

शंकासुर

काकांच्या चेहऱ्यावरचा आनंद इथपर्यंत दिसला.

रेडमंडवासी

काकांना अनुमोदन! जिमच्या लोखंडी प्लेटा. लोक जानेवारीत संकल्प करून घेतात आणि मार्च-एप्रिलमध्ये गॅरेज सेलला काढतात. २५ पौंडी प्लेटा, कडेला बोटं घालायला खोबण. ऑस्टिनकरांनी मागितलेली कडी आयती.

आणखी एक. मिनिॲपोलिसमधली जुनी घरं पाडतात किंवा खिडक्या बदलतात तेव्हा चौकटीतून सॅश वेट निघतात. वर-खाली सरकणाऱ्या खिडकीला दोरीने तोललेले बीडाचे लांबट दांडे, वर दोरीसाठी भोक. भंगारवाल्याकडे ढिगाने पडलेले असतात. गोल प्लेटांच्या मध्ये फट राहते, दांडे शेजारीशेजारी छान बसतात. काही दांडे शिशाचेही निघतात, चिमटा घेऊन बघा.

ऑस्टिनकर

दांडे हा झकास उपाय आहे. मजल्याखालच्या अरुंद खाचेत लांबीच्या दिशेने झोपवता येतील, म्हणजे वजन खालीच राहील. बोटीला ते सर्वांत चांगलं. सीटवर ठेवलेल्या पिशव्यांनी बोट डुलते. फक्त गंजाचं बघा. ओल्या लोखंडाचा लाल डाग फायबरच्या जेलकोटवर (वरच्या चकचकीत थरावर) एकदा पडला की घासून थकाल.

ओतारी_कोल्हापूर

तारेच्या ब्रशने घासून गंज काढ, रेड ऑक्साइडचा एक हात, वर इपॉक्सीचे दोन. प्रत्येक हात पूर्ण वाळू दे. चार-चार दांडे जुन्या फायर होजमध्ये (आगीच्या बंबाच्या पाइपात) घालून टोकं बांधलीस तर आपटणार नाहीत आणि आवाज येणार नाही.

पागवाला

ॲल्युमिनियमच्या बोटीत असलं काही ठेवायचं असेल तर? आमच्याकडे एकाने नवी घेतलीय.

रेडमंडवासी

@पागवाला, उघडं शिसं किंवा लोखंड ओल्या ॲल्युमिनियमला टेकवू नका, ॲल्युमिनियम खाल्लं जातं. खाऱ्या पाण्यात तर झपाट्याने. मध्ये रबर किंवा प्लास्टिक हवंच, आणि ते वर्षातून एकदा उचलून खाली बघा.

तळ्याकाठी

भंगारवाल्याकडे जाऊन आलो. सॅश वेट पौंडाच्या भावाने मिळाले, छऱ्यांच्या तुलनेत किरकोळ पैसे. सध्या ६०० नाही, ३०० पौंडच घेतलं. २०० मागे दोन बाजूंना, १०० नाकात. उरलेल्यासाठी एक पाण्याची पिशवी, जी स्कीइंगच्या वेळी रिकामी करता येईल. फोमच्या हिशोबातही ३०० बसतंय. दांडे रोज काढणार नाही, पहाटेच्या स्कीइंगला तेवढी लाट चालेल असं बायको "बघू" या स्वरात म्हणाली आहे. टायरवाल्याला बादल्या नको म्हणून सांगितलं.

फायर होज कुठे मिळेल?

जळगावची_केळी

गावातल्या अग्निशमन केंद्रात विचारा. दाबाच्या चाचणीत नापास झालेले पाइप ते बऱ्याचदा देऊन टाकतात, आमचे शेजारी त्यातूनच धक्क्याला आवरण करतात. तुमच्यासारख्यांच्या लाटांपासून होडी वाचावी म्हणून.

ओतारी_कोल्हापूर

पाइप कापताना धार ओली करून काप, रबर चिकटत नाही. आणि पहिल्या फेरीनंतर दांड्यांचे फोटो टाक, रंग कुठं सोलला ते बघायचंय.